लिफ्ट केलेल्या गाडीचं बंप रबर किती वाढवायचं: मोजायचं कसं, बनवायचं कुठं, फसायचं कुठं नाही

माझी जिप्सी लिफ्ट करून तीन आठवडे झाले होते. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) कमान वाढवून ५० मिमी उंची घेतली, लांब शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) टाकले, टायर मोठे घातले. जानेवारीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, कोल्हापूरकडं बाजारभोगावच्या पुढं एका गाडीवाटेवर ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत डावं पुढचं चाक आपटलं. आवाज रबराचा आला नाही, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आला. उतरून पाहिलं तर शॉक चेसिसला अडकतो तो वरचा खुंट वाकलेला, सीलमधून तेल गळतंय आणि त्यावर तांबडी धूळ चिकटून चिखल झालाय. बंप रबर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ॲक्सलला अडवणारा रबरी ठोकळा, मात्र नव्यासारखं. त्याला कुणी शिवलंच नव्हतं.

ज्यानं लिफ्ट बसवली त्यानं बंप रबराचं नावच काढलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मग घाबरून मी रबर खाली आणणारे, तयार मिळणारे ७५ मिमीचे तुकडे (स्पेसर) चारी चाकांना लावले. ते दुसरं दुखणं, त्याबद्दल पुढं लिहितो. शेवटी सगळं उतरवून मोजलं तेव्हा पुढं ४० आणि मागं २५ मिमी लागतात असं निघालं. ज्यांनी नुकतीच लिफ्ट केली आहे किंवा करायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी ही सगळी पद्धत.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, ती कळली की बाकीचं सोपं जातं. लिफ्टमुळं गाडी *उभी असताना* उंच होते. सस्पेन्शन पूर्ण दबलं की ॲक्सल कंपनीच्या गाडीत जिथं थांबायचा तिथंच येऊन थांबतो, कारण त्याला थांबवणारं रबर तिथंच आहे. म्हणजे “लिफ्ट केली, आता मोठा टायर घासणार नाही” हे उभ्या गाडीपुरतं खरं. माझा मूळ टायर २०५/७० आर १५ होता, नवा २३५/७५ आर १५. हिशोब केला तर व्यास ६६८ वरून ७३३ मिमीच्या पुढं जातो, म्हणजे त्रिज्या साधारण ३३ मिमीनं वाढली. गाडी पूर्ण दबल्यावर टायरचा माथा मडगार्डात ३३ मिमी जास्त घुसणार. लिफ्ट २ इंच असो की ४ इंच, हा आकडा बदलत नाही. बदलतो तो फक्त बंप रबरानं, नाहीतर मडगार्ड कापून.

शॉकचंही तसंच. लांब शॉक उघडल्यावर जसा लांब असतो, तसा मिटल्यावरही कंपनीच्या शॉकपेक्षा बहुधा लांबच असतो. रबर लागायच्या आधी शॉक मिटून संपला, की गाडीचा सगळा भार त्याच्या दांड्यावर आणि खुंटावर येतो. माझं नेमकं हेच झालं.

१. तुम्हाला हे लागतंय का ते आधी ठरवा

सगळ्यांना लागत नाही. पाटे किंवा स्प्रिंग बदलून उंची घेतली आणि शॉकही लांब घातले, तर मोजावंच लागेल. टायर मोठे केले तरीही.

कॉइलच्या वर नुसता स्पेसर ठेवून उंची घेतली आणि शॉक कंपनीचेच आहेत, तर शॉकच्या बाजूनं काळजी नाही. पण त्या स्पेसरच्या जाडीइतकी कॉइल आता जास्त दबणार. वेटोळ्याला वेटोळं टेकतं का तेवढं बघा. टेकलं तर तिथं स्प्रिंग संपली, लोखंडच राहिलं.

जुन्या सीआरडीई थारसारखा पुढं टॉर्शन बार असेल आणि बार ताणून उंची घेतली असेल, शॉक आणि टायर तेच असतील, तर बंप रबर वाढवायचं कारण नाही. तिथं खरी भीती उलट्या बाजूची आहे. चाक खाली लोंबकळायला जागा उरत नाही आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होतात. तो वेगळा विषय.

इथून पुढचं मुख्यतः दोन्हीकडं अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे: जिप्सी, जुन्या एमएम ५४० सारख्या जीप, आणि कॉइलवाल्यांत जिम्नी.

२. काय काय जवळ हवं

हत्यारं: दोन चांगले जॅक (एक ट्रॉली जॅक असावाच), चार घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), पान्यांचा संच, टॉर्क पाना, मापाची टेप, व्हर्निअर, ओळंबा, खडू, केबल टाय, आणि भाकरीच्या पिठाएवढी नाही पण मूठभर मळलेली कणीक. हसू नका, कणकेचं काम पुढं आहे.

कागद: नव्या शॉकचं मापपत्रक, ज्यात उघडी आणि मिटलेली लांबी दोन्ही असते. दुकानदारानं नुसतं खोकं दिलं असेल तर मागून घ्या. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर उत्तम. आणि एक वही. मी पहिल्यांदा मापं हातावर पेनानं लिहिली होती, ग्रीस पुसताना निम्मी गेली.

ॲक्सल पाट्यांना बांधणारे यू बोल्ट नवे, आधीच आणून ठेवा. एकदा ताणून बसवलेले यू बोल्ट सोडून परत तेच वापरणं बरं नाही. त्यांच्यावर सगळा ॲक्सल लटकलेला असतो.

मापाच्या एककाचा एक सापळा सांगून ठेवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथवाल्यांच्या भागात, अजून निम्मं बोलणं सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीच्या आसपास. तुम्ही “बारा” म्हणालात आणि लेथवाल्यानं बारा सूत धरलं, तर १२ मिमीच्या जागी ३८ मिमीचा तुकडा हातात येईल. कागदावर काढून, पुढं मिमी लिहूनच द्या.

३. उभ्या गाडीची मापं घ्या

सपाट जागा, टायरमध्ये नेहमीची हवा, स्टेपनी आणि नेहमीचं सामान गाडीतच. चारही बाजूंना रबराच्या टोकापासून, रबर जिथं आपटतं त्या ॲक्सलवरच्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. माझ्या गाडीत लिफ्टआधी हे ६० मिमी होतं, नंतर ११० झालं. हे ११० म्हणजे तुमची शिल्लक. जेवढा स्पेसर लावाल तेवढी ही शिल्लक खर्च होणार.

मग घरची माणसं बसवून परत मोजा. हे मी केलं नव्हतं. ७५ मिमीचे तुकडे लावले म्हणजे रिकाम्या गाडीत ३५ मिमी उरले. आई, बायको, दोन पोरं आणि डबे घेऊन गगनबावड्याला निघालो, रंकाळा ओलांडला आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मागनं धाडकन आवाज. साळवण येईपर्यंत आईनं दोनदा विचारलं, “ही गाडी हाय का मोकळी बैलगाडी?” आवाजाचं एक वेळ सोडा, खरी भीती वळणावर वाटली. बाहेरच्या बाजूचं रबर टेकलं की त्या बाजूची स्प्रिंग एकाएकी दगड होते आणि चाकाची पकड झटक्यात कमी होते. करूळ घाटात उतरताना हे जाणवलं आणि तिथून पुढं मी पंचविसाच्या वर गेलो नाही.

म्हणून “जास्त ते चांगलं” हा बंप रबराचा नियम नाही. लागेल तेवढंच.

४. पाटे सोडा, ॲक्सल वर न्या, मोजा

सगळ्यात वेळखाऊ पायरी हीच, आणि इथंच लोक कंटाळून अंदाज बांधतात. माझा रविवार गेला. तुमचाही जाऊ द्या.

गाडी चेसिसखाली घोड्यांवर घ्या. ज्या टोकाला काम करायचं नाही त्या चाकांना पुढं-मागं दगड लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, “दोन मिनटाचं काम हाय” म्हणत तर अजिबातच नाही. घोड्यांवर घेतल्यावर गाडीला खांद्यानं एकदा जोरात हलवून बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

आता शॉक काढा. पाट्यांच्या गाडीत मेन पाटा तेवढा ठेवून बाकीचे उतरवा. काढलेल्या पाट्यांच्या जाडीइतकी लोखंडी पट्टी तिथं ठेवून यू बोल्ट हलके आवळा. याने ॲक्सल जागेवर राहतो, पण हातानं वरखाली होण्याइतका मोकळा होतो. सेंटर बोल्ट काढताना पाटे उसळतात, आधी दोन्ही बाजूंना शिकंजा लावा. कॉइलच्या गाडीत हे काम सोपं आहे, अख्खी कॉइलच बाहेर येते.

ॲक्सलखाली ट्रॉली जॅक लावा आणि तो सरळ, दोन्ही बाजू समान ठेवून, वर न्या. जाताना ब्रेकचा होज, हँडब्रेकची वायर, वायरिंग, सायलेन्सर, स्टिअरिंगचे रॉड यांच्याकडं डोळा ठेवा. कुठं काही टेकायला लागलं तर तिथंच थांबून वहीत लिहा.

मूळ रबराला पट्टी नुसती टेकली की थांबा. या ठिकाणी शॉकच्या वरच्या आणि खालच्या खुंटांमधलं अंतर मोजा. माझं पुढं ३४५ आणि मागं ३७१ मिमी आलं.

आता चाकं लावा. त्याच उंचीला टायरचा माथा आणि मडगार्डचं अस्तर यांत किती अंतर आहे ते बघा. टेप जात नाही अशा ठिकाणी कणकेचा गोळा चिकटवा, ॲक्सल खाली घेऊन परत वर न्या, आणि दबून जी जाडी उरली ती व्हर्निअरनं मोजा. पुढच्या चाकाला स्टिअरिंग सरळ ठेवून, पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवून अशा तिन्ही स्थितींत मोजा. सरळ चाकाला भरपूर जागा असते आणि वळवलं की मागच्या कोपऱ्यात घासतं, हे नेहमीचं. माझ्याकडं सगळ्यात कमी ५ मिमी मिळालं, उजवीकडं पूर्ण वळवल्यावर.

५. रबर किती दबतं ते पाहा

रबर टेकलं म्हणजे ॲक्सल थांबला असं नाही, ते दबतं. घन रबर एक तृतीयांशाच्या पुढं, कधी निम्म्यापर्यंत दबतं. फोमसारखं दिसणारं पॉलियुरेथेनचं पिवळं बंप स्टॉप त्याहून बरंच जास्त. अंदाज नको असेल तर बेअरिंगवाल्याकडच्या हायड्रॉलिक प्रेसखाली ठेवून बघा. माझं ६२ मिमीचं रबर ३७ ला येऊन अडलं, पुढं प्रेसचा काटा चढत होता पण रबर हलत नव्हतं. म्हणजे २५ मिमी. जुनं, तडे गेलेलं रबर मोजू नका. ते बदलायचंच असतं, नवं आणून तेच मोजा.

६. हिशोब

शॉकसाठी असा:

शॉकची मिटलेली लांबी + १२ मिमी राखीव + रबराचं दबणं − टेकल्यावरचं खुंटांमधलं अंतर

माझं पुढचं: ३३८ + १२ + २५ − ३४५ = ३० मिमी.
मागचं: ३५२ + १२ + २५ − ३७१ = १८ मिमी.

उत्तर शून्य किंवा उणे आलं तर शॉकसाठी स्पेसरची गरज नाही.

शॉक तिरका असेल तर ॲक्सल जेवढा वर जातो त्यापेक्षा शॉक कमी मिटतो, म्हणून स्पेसर थोडा जास्त लागतो. ओळंबा धरून तिरकेपणा बघा. २० अंशाला उत्तर ०.९४ नं भागा, ३० अंशाला ०.८७ नं. माझं पुढचं ३० चं ३२ झालं, मागचं १८ चं २१.

टायरसाठी: रबराचं दबणं + हवी ती मोकळी जागा − टेकल्यावर मोजलेली जागा. मी १८ मिमी मोकळी जागा धरली, कारण आपल्याकडचा तांबडा चिखल टायरला थर धरतो. २५ + १८ − ५ = ३८ मिमी. मागं टायर कुठंच घासत नव्हता.

दोन्हींत जे मोठं ते घ्यायचं. पुढं ३८, म्हणून ४० मिमी. मागं २१, म्हणून २५.

आता शिलकीतून वजा करा. पुढं ११० मधून ४० गेले, ७० उरले. मागं ८५. दोन्ही कंपनीच्या ६० पेक्षा जास्तच. उरलेली जागा कंपनीच्यापेक्षा कमी निघत असेल तर स्पेसर लावून मोकळं होऊ नका. शॉक चुकीच्या लांबीचा आहे किंवा टायर गाडीला मोठा आहे. ते दुकानात परत करण्याची वेळ हीच.

माझे मिस्त्री मात्र वहीकडं बघून म्हणाले, “लिफ्ट दोन इंच, मग रबर बी दोन इंच खाली घ्यायचं. त्यात शाळा काय करायची?” त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. लिफ्टइतकाच स्पेसर लावला तर चाकाला वर जायला कंपनीइतकीच जागा उरते, बहुतेकदा काही तुटत नाही. पण मग लांब शॉकचे पैसे घातले कशाला? आणि शॉकची मिटलेली लांबी फारच जास्त असेल तर दोन इंचही कमी पडतात. ते आकड्याशिवाय कळत नाही.

७. एक चाक वर, एक चाक खाली

दोन्ही बाजू समान उचलून घेतलेली मापं ही अर्धी गोष्ट. ओढ्यात किंवा बांधावर चढताना एक चाक मडगार्डात घुसतं आणि दुसरं लोंबकळतं. बंप रबर टायरपासून आत, गाडीच्या मधल्या बाजूला असतं. सी-सॉवर मध्याजवळ बसलेला थोडा हलतो आणि टोकाला बसलेला जास्त, तसं रबर टेकल्यावरही टायर आणखी वर जातो. म्हणून पायरी ४ तिरक्या ॲक्सलवर परत करा: एक बाजू रबराला टेकवा, दुसरी खाली सोडा. टायर आणि कणीक परत बघा. माझ्या गाडीत इथं ७ मिमी आणखी गेले. १८ मोकळे धरले होते म्हणून वाचलो.

लोंबकळणाऱ्या बाजूचा ब्रेक होज ताणला जात नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या.

ओळखीत कुणाची शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्री असेल तर सुट्टीच्या दिवशी फोर्कलिफ्टवर एक चाक उचलून बघण्यासारखी दुसरी सोय नाही. मी स्पेसर बसवल्यानंतर ही परीक्षा घेतली. फोर्कलिफ्टवाला शिकलेला असावा, आणि गाडीत किंवा खाली कुणी नको.

८. स्पेसर बनवून घ्या

कोल्हापुरात हे काम अडत नाही. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, पुढच्या गल्लीत मिलिंग, कोपऱ्यावर बोल्टचं दुकान. पण काय बनवायचं ते तुम्ही सांगायचं.

माझी पसंती एमएसच्या (साध्या पोलादाच्या) गोल भरीव तुकड्याला. रबराच्या बुडाइतका व्यास, दोन्ही तोंडं लेथवर सपाट. वरच्या तोंडाला चेसिसच्या भोकात जाणारा स्टड, खालच्या तोंडात रबराच्या बोल्टासाठी आटे. म्हणजे वरचा सांधा वेगळा, खालचा वेगळा. बरेच जण मध्ये आरपार भोक पाडून एकच लांब बोल्ट घालतात. रबरावर मार कधीच अगदी सरळ बसत नाही, थोडा आडवा बसतोच, आणि लांब बोल्ट वाकतो.

रबर दोन बोल्टांवर असेल तर ५० बाय ५० चा, ५ मिमी जाडीचा चौकोनी पाइप कापून, दोन्हीकडं पट्टी वेल्ड करून ठोकळा करता येतो. पाइपचं तोंड उघडं ठेवू नका, चिखल साठून आतून गंजतो.

लाकडाचा ठोकळा, पीव्हीसी पाइप, एकावर एक रचलेले वॉशर हे प्रकार मी लोकांच्या गाड्यांखाली पाहिलेत. वॉशरची चळत तर पहिल्याच आपटण्यात सरकते.

आता खास कोल्हापुरी सापळा. इथं प्रत्येकाचा एक मित्र फाउंड्रीत असतो आणि तो म्हणतोच, “लेथवर कशाला पैसे घालतोस, पॅटर्न दे, ओतून देतो!” साधं ग्रे आयर्न दाबाला दणकट, पण झटक्याला ठिसूळ. तडा गेला तर तुकडा पडतो. ओतायचंच असेल तर एसजी आयर्न (झटका सोसणारं ओतीव लोखंड) मागा. दोन-चार तुकड्यांसाठी पॅटर्न करण्यापेक्षा लेथ स्वस्त पडतो, हेही मित्राला सांगा.

उंची ७५ मिमीच्या आसपास गेली तर चेसिसकडून लांब दांडा लोंबवण्याऐवजी खालून, ॲक्सलवरच्या यू बोल्ट पट्टीवर ठोकळा उभा करणं बरं. उंची दोन्हीकडं वाटून घेतली तरी चालते.

चेसिसला वेल्डिंग शक्यतो टाळा. बोल्टवर काम होत असताना चेसिस तापवायची गरज नाही. करावंच लागलं तर आधी बॅटरी सोडा, आणि पेट्रोलची नळी, टाकी, ब्रेकचे पाइप कुठून जातात ते बघितल्याशिवाय ठिणगी पाडू देऊ नका.

९. बसवा, आणि जोतिबाचा गुलाल लावा

बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला. नट नायलॉकचे (ढिले होऊ नयेत म्हणून आत नायलॉनची कडी असलेले). एम १० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण ४५ न्यूटन मीटरला आवळतात, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. स्पेसरला बसवायच्या आधीच प्रायमर आणि रंग द्या.

रबर खाली आलं की ते आधीच्याच जागी आपटेल याची खात्री नसते. पाटा सरळ होताना लांबतो आणि ॲक्सल थोडा पुढं-मागं सरकतो. म्हणून पाटे पूर्ण जोडण्याआधी रबराच्या टोकाला रंग लावून ॲक्सल वर टेकवा आणि खाली घ्या. दुकानात यासाठी निळा रंग मिळतो. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डात चैत्री यात्रेची गुलालाची पुडी पडून होती. चिमूटभर गुलाल ग्रीसमध्ये कालवून लावला. पट्टीवर गुलाबी गोल उमटला, पण पुढच्या कडेला लागून, तिसरा हिस्सा हवेत. तसंच ठेवलं असतं तर रबर कडेवर कापलं गेलं असतं. खालची पट्टी १५ मिमी पुढं वाढवून घेतली, परत गुलाल लावला, गोल मधोमध आला.

मग पाटे, नवे यू बोल्ट, शॉक जोडा. शॉकचे आणि पाट्यांचे बुशवाले बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात.

१०. कायद्याची बाजू, थोडक्यात

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा फेरफार मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ए खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बंप रबराकडं कुणी बघत नाही, पण लिफ्ट आणि टायर लांबून दिसतात. काम करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, विमा कंपनीचं उत्तर लेखी मागा. अपघातानंतर दावा फेटाळायला असलाच बदल पुरतो.

११. चालवून बघा

शॉकचा दांडा उघडा असेल तर त्यावर एक केबल टाय सैलसर आवळून शॉकच्या अंगाला टेकवून ठेवा. शॉक मिटेल तसा टाय वर ढकलला जातो आणि जास्तीत जास्त किती मिटला ते तिथंच थांबून सांगतो. पुढच्या मडगार्डच्या अस्तरावर खडूचे पट्टे ओढा, घासलं तर पुसले जातील.

आधी गल्लीतले स्पीडब्रेकर, मग माणसं घेऊन तेच, मग खराब वाट. वाट निवडताना राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य आणि मसाई पठार सोडा. पठारावरच्या गवतात फुलं येतात आणि टायरची खूण तिथं वर्षभर राहते. उसाच्या गाडीवाटा पुरेशा खराब आहेत, शेतमालकाला विचारून जा.

मी बाजारभोगावच्या त्याच चाकोरीत गेलो, बेतानं. या वेळी ‘धप्प’ असा बसका आवाज आला. खाली वाकून बघितलं: खडू शाबूत, केबल टाय आणि दांड्याचा शेवट यांत बोटभर जागा, रबराच्या टोकावर पट्टीचा रंग लागलेला.

घरी आल्यावर आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट आणि स्पेसरचे बोल्ट परत टॉर्क पान्यानं बघायचे. माझा मागचा उजवा पाव फेरा ढिला निघाला. स्पेसरच्या वरच्या तोंडावर रंगाचा थर जाड होता, तो दबला होता. तेवढा खरवडून परत आवळला.